बेसमेंटमधला लॅपटॉप आणि फ्रीबीएसडी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि व्हँकुव्हरच्या बेसमेंटांत पडून असलेले जुने लॅपटॉप आणखीच म्हातारे झाले. कळफलक धड, पडदा धड, बॅटरी कशीबशी तासभर टिकते. पण विंडोज ११ काही त्यावर चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाका, हे कुणीही सांगेल. या आठवड्याची शिफारस एक गल्ली पलीकडची आहे: फ्रीबीएसडी.

बर्कलीच्या युनिक्स घराण्यातली ही प्रणाली १९९३ पासून नांदते आहे. लिनक्समध्ये कर्नल एका घरचा आणि बाकीचा संसार दुसऱ्याचा. इथे कर्नल, रोजच्या आज्ञा आणि त्यांची माहितीपत्रकं एकाच चुलीवर शिजतात. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ जगभर पोचवणारे सर्व्हर यावरच चालतात, प्लेस्टेशन ४ च्या प्रणालीचं मूळही हेच.

व्हँकुव्हरकरांना तर ती परकी वाटायचं कारण नाही. शेजारच्या बर्नबीतला कॉलिन पर्सिव्हल तेराव्या वर्षी सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकू लागला. पुढे ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन आला, २००५ ते २०१२ फ्रीबीएसडीचा सुरक्षा अधिकारी होता आणि २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या बाहेर काढण्याची धुरा त्याच्याकडे आली. अख्खी फाइल पुन्हा उतरवण्याऐवजी फक्त बदललेला भाग आणणारं 'फ्रीबीएसडी-अपडेट' हे अवजार त्याचंच. अमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरांवर ही प्रणाली चालावी म्हणून त्याने वर्षानुवर्षं घाम गाळला. त्यामुळे ज्याच्याकडे जुनं यंत्रही नाही, तो तिथे तासाच्या हिशेबाने फ्रीबीएसडी घेऊ शकतो. फक्त काम झाल्यावर ते बंद करायला विसरू नये, मीटर चालूच राहतं.

नवख्याला सहसा व्हर्च्युअल मशीन सुचवतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाका, बिघडलं तर पुसून टाका. प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन संध्याकाळींपुरतं ठीक. तिथे वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणारं यंत्र यांतलं काहीच कसाला लागत नाही, आणि खरी झटापट तर तिथेच असते. त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. नोमॅडबीएसडी किंवा कॅनडातच उगम असलेली घोस्टबीएसडी, दोन्ही फ्रीबीएसडीवर बेतलेल्या, हार्डडिस्कला हात न लावता थेट डेस्कटॉप दाखवतात. एवढंच की उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, ती प्रतिमा (इमेज) म्हणून लिहावी लागते. पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते.

वायफाय दिसलं नाही, तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट घ्यावं. इंटेलच्या बऱ्याच वायफाय कार्डांची गती जून २०२५ च्या १४.३ आवृत्तीत सुधारली, तरी जुन्या ब्रॉडकॉम कार्डांपुढे अजून हात टेकावे लागतात. घरात जुना लॅपटॉप नसेल तर पूर्व व्हँकुव्हरमधली फ्री गीक ही संस्था दान आलेले संगणक दुरुस्त करून, लिनक्स घालून, स्वस्तात विकते. तिथे रंग-रूपाआधी वायफाय कार्ड कुठलं ते विचारावं.

मग मूळ फ्रीबीएसडीची खरी स्थापना. प्रश्न निळ्या पडद्यावर एकेक येतात. डिस्कसाठी झेडएफएस ही फाइलप्रणाली निवडावी. नवा वापरकर्ता करताना त्याला आणखी कुठल्या गटात घालायचं असं विचारतात, तिथे 'व्हील' लिहायला चुकू नये. नाहीतर पुढे 'एसयू' म्हणून मोठा अधिकार मागितला की यंत्र सरळ नकार देतं आणि माणूस चरफडत बसतो. संगणक पुन्हा सुरू होतो तो काळ्या पडद्यावर. 'लॉगिन' हा शब्द, पुढे लुकलुकणारी खूण, बस्स. काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. जेवढं मागितलं तेवढंच पानात वाढलेलं असतं. डेस्कटॉप हवा तर 'पीकेजी' या आज्ञेने मागवायचा, आणि कसा ते फ्रीबीएसडीच्या हँडबुकात पायरीपायरीने दिलेलं आहे. यूट्यूबवरच्या घाईच्या व्हिडिओंपेक्षा ते कितीतरी भरवशाचं.

झेडएफएस घ्यायचं ते उगाच नाही. पर्सिव्हलचं ते अपडेटचं अवजार आता बदल करण्याआधी जुन्या प्रणालीची खूणगाठ बांधून ठेवतं. अपडेटनंतर काही बिनसलं, तर सुरुवातीच्या मेनूतून कालचीच प्रणाली निवडून आत शिरता येतं. शिकाऊ हाताला याहून मोठी मोकळीक कुठली? तरीही ऑफिसच्या लॅपटॉपवर हे प्रयोग नकोत.

डेस्कटॉप आला, ब्राउझर उघडला, मराठी वर्तमानपत्राचं पान काढलं, की अक्षरांच्या जागी चौकोनांच्या रांगा दिसण्याची शक्यता दाट. नोटोचा देवनागरी फाँट मागवला की चौकोनांची अक्षरं होतात. कळफलकांच्या यादीत इन्स्क्रिप्ट मात्र आधीपासून बसलेला असतो, भारताच्या नावाखाली.