रस्ता तोच, मारणारे बदलले

आधीच सांगतो, मी गेमच्या विरोधातला माणूस नाही. 'मोबाईलने पोरं बिघडली' छाप पोस्ट ही नाही. मी स्वतः पीएस-फोरवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलेला माणूस आहे, घरचे साक्षीदार आहेत. म्हणूनच 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर' या २०१९ च्या गेमबद्दल लिहायचा मला हक्क आहे असं समजतो.

गेम चांगला आहे. चांगला म्हणजे फारच चांगला. बंदुकीला वजन जाणवतं. नेम धरलेला असतानाच मॅगझिन बदलता येतं, आवाजावरून समोरचा भिंतीआड आहे की उघड्यावर ते कळतं. लंडनमधल्या एका घराची रात्री झडती घ्यायची कामगिरी आहे, 'क्लीन हाऊस' नावाची. दिवे बंद, डोळ्यांवर नाइट व्हिजन, अरुंद जिना, मजल्यामागून मजला. एक बाई झेपावते, तुम्ही बंदूक उचलता आणि दिसतं की ती पाळण्यातल्या बाळाकडे धावलीय. वर पोटमाळ्यावर दुसरी बाई असते, तिचा हात मात्र बाळाकडे जात नाही. दोघींसाठी तुमच्याकडे वेळ तेवढाच. युद्धात निर्णय कसा घ्यावा लागतो हे एवढ्या थोड्या वेळात फार कमी सिनेमांनी दाखवलं असेल. ऑनलाईन खेळात दारामागे क्लेमोर लावून कोपऱ्यात दबा धरून बसणाऱ्यांनी जीव नको केला, आणि शंभर जीबीच्या वर जागा खाणाऱ्या गेमने डिस्क भरून टाकली, पण ती रड सगळेच रडतात. असो.

माझं भांडण एका कामगिरीशी आहे. तिचं नाव 'हायवे ऑफ डेथ'. मृत्यूचा महामार्ग.

देश 'उर्झिकस्तान', म्हणजे काल्पनिक. फराह नावाची तिथली लढवय्यी सांगते की आक्रमणाच्या वेळी रशियनांनी हा रस्ता बॉम्बने भाजून काढला आणि पळून जाणाऱ्या लोकांना मारलं. रस्त्यावर गंजलेल्या गाड्यांचे सांगाडे. आपण उंचावरून दुर्बिणीच्या बंदुकीने नेम धरायचा.

आता खरं काय ते ऐका. या नावाने जग ओळखतं तो रस्ता कुवेतहून जहरा, मुतलाची चढण करत बसऱ्याकडे जाणारा हायवे ८०. १९९१ च्या फेब्रुवारीत, २६ तारखेच्या रात्री, कुवेतमधून माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यावर तिथे बॉम्बफेक झाली. आधी पुढच्या आणि मागच्या गाड्या उडवल्या. मधले अडकले. मग तासन् तास वरून मारा. हे करणारी विमानं अमेरिकेची आणि तिच्या दोस्त राष्ट्रांची होती. रशियाची नव्हे. तेव्हा सोव्हिएत युनियन होतं आणि त्याच फेब्रुवारीत गोर्बाचेव्ह इराकने माघार घ्यावी म्हणून मध्यस्थी करत होते!

'अहो, देश काल्पनिक आहे, एवढं काय मनावर घेता?' असा बचाव होतो. मग नावही काल्पनिक ठेवायचं होतं ना. नाव खरं, चित्र खरं, फक्त मारणारा बदलायचा, याला कल्पना म्हणत नाहीत. 'ती तर सैनिकांची तुकडी होती, कुवेत लुटून चालली होती,' असंही कोणी म्हणेल. होती, गाड्यांत लुटीचा मालही होता. त्या हल्ल्यावर वाद घालता येतो, आणि लोक आजही घालतात. पण वाद घालायला आधी तो कोणी केला हे तर धड सांगा.

मी रशियाची वकिली करत नाही. ग्रोझनी, अलेप्पो, युक्रेन, रशियन सैन्याचा हिशेब पुरेसा लांबलचक आहे. त्यातलं एखादं पान घ्यायचं होतं. दुसऱ्याचं पाप उसनं घ्यायची गरज काय होती? रशियातल्या प्लेस्टेशन स्टोअरवर हा गेम विकायला ठेवलाच नाही. तिकडे बंद, इकडे खपला, आणि दोन्हीकडच्या पोरांना खरं काही कळलं नाही.

ही झाकपाक जुनीच आहे म्हणा. १९९१ मध्ये केनेथ जॅरेक या फोटोग्राफरने बॉम्बने जळालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. अमेरिकेतल्या वृत्तसंस्थेने तो तेव्हा पुढे पाठवला नाही, छापला तो ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर'ने. तेव्हा फोटो दडवला, आता दोष दुसऱ्याच्या नावावर चढवला. आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. 'एअरलिफ्ट' सिनेमात कुवेतमधली सुटका एका कल्पित उद्योगपतीच्या खात्यात टाकली आणि परराष्ट्र खात्यातली माणसं चडफडत बसली.

एवढं तावातावाने का लिहितोय? कारण हा रस्ता आमच्या घरातला आहे. माझे काका कुवेतला गॅरेजमध्ये कामाला होते. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामचं सैन्य शिरलं आणि सव्वा महिन्याने काका एक पिशवी घेऊन बसमध्ये बसले. बसरा, बगदाद, मग जॉर्डनमधल्या अम्मानला तंबूत काही दिवस, तिथून एअर इंडियाने मुंबई. असे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तेव्हा परत आणले गेले. काका गेले तेव्हा हायवे ८० धड होता. पाच महिन्यांनी पेपरात त्याचा फोटो आला तेव्हा, काकू सांगते, ते जेवणावरून उठले होते.

परवा त्यांच्या नातवाने सेकंडहँड डिस्क आणली. खेळता खेळता म्हणाला, "आजोबा, बघा, रशियनांनी रस्ता कसा उडवलाय." काकांनी चष्मा लावला, बराच वेळ टीव्हीकडे बघितलं. "मुतलाची चढण अशी नाही रे," म्हणाले. "आणि रशियन कुठले? रशियन नव्हते तिथे." पोरगं म्हणालं, "गेममध्ये तसंच आहे." त्याच्या लेखी विषय संपला. मग काकांनी कंट्रोलर बाजूला ठेवायला लावला आणि बसमधल्या त्या दिवसांबद्दल तासभर बोलले. आम्हीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आपल्या भागात त्या वेळी कुवेतहून आलेले अजून बरेच जण आहेत. कोणी त्याच रस्त्याने आलं असेल तर खाली लिहा, कोणत्या महिन्यात, बसने की ट्रकने, सोबत कोण होतं. काकांना वाचून दाखवायचंय.