आधी जमीन, मग इमारत

दुबईचा ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा २०१० साली खुला झाला. तो कठीण कातळावर नव्हे, वाळूखालच्या मऊ खडकावर उभा आहे. मनोऱ्याखाली दीड मीटर व्यासाचे १९२ खांब सुमारे ५० मीटर खोल उतरविले आहेत.

असा खडक छिद्र पाडतानाच फुटतो; वर आलेला तुटका नमुना पुरी साक्ष देत नाही. म्हणून यंत्र किती दाबाने, किती वेगाने खाली गेले, याची सतत नोंद ठेवणे उपयोगी ठरते.

आपल्या बेटावर २०१५ साली टेर रुज–वेर्दें रस्ता खचला. जमीन तपासण्याचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यालाच आधी कात्री लागते. नवे बांधकाम निघाले की आपण विचारावे : जमीन तपासली काय?