थँक्यू म्हणू नका!

आमच्या घरी उष्ट्याखरकट्याचं भारी कडक. बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलो की आईचे डोळे वटारलेच म्हणून समजा. असा मी 2018 मध्ये ऑफिसच्या कामासाठी अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला गेलो आणि पहिल्याच दुपारी समोर आलं ‘माते’! नाव ऐकून हात जोडावेसे वाटले, पण हे पेय आहे राव.

वाळवलेल्या भोपळ्याची छोटी वाटी. त्यात येर्बा नावाच्या झाडाच्या सुक्या पानांचा चुरा पाऊण वाटी भरायचा आणि वरून गरम पाणी. उकळतं नाही हं, 70-80 अंशांचंच, नाहीतर कडूजहर. प्यायचं धातूच्या नळीनं, जिच्या टोकाला गाळणी असते. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून तिथले ग्वारानी लोक हे पितात.

इथवर ठीक. पण वाटी एक, नळी एक आणि माणसं सहा! ओतणारा एकच. पहिली वाटी तो स्वतः संपवतो, कारण ती सगळ्यात कडवट. मग पुन्हा भरून एकेकाला. आपण संपवायची, त्याच्याकडे परत द्यायची. नळी ढवळायची नाही, आणि पुसायची तर मुळीच नाही.

माझी पाळी आली. मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि ओढलं एकदाचं. कडू, गवतासारखं, पण वाईट नाही. वाटी परत देताना मॅनर्स म्हणून म्हटलं, ‘ग्रासियास!’

पुढच्या फेरीत वाटी मला वगळून थेट शेजारच्याकडे. त्यापुढच्या फेरीतही तेच. च्यायला, तोंड वाकडं झालं होतं की काय माझं?

शेवटी शेजारच्या कलीगला विचारलं, तर तो हसत सुटला. मातेच्या बैठकीत ‘ग्रासियास’ म्हणजे ‘बास, मला आता नको’. हवं असेल तोवर वाटी मुकाट परत द्यायची. बरोबरच आहे म्हणा. मित्राच्या डब्यातली भाजी उचलून कुणी थँक्यू म्हणालं, तर आपणही विचारूच ना, ‘काय रे, बरा आहेस ना?’

2020 मध्ये कोरोना आला आणि तिथल्या सरकारला लोकांना सांगावं लागलं, माते वाटून पिऊ नका. तेव्हा त्या कलीगचा मेल आला. ‘आता माझी वाटी वेगळी आहे. चार वाजता उठून जातो, पण कुणाकडे जायचं तेच कळत नाही.’

मी मात्र दुसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटून बसलो होतो. पाच फेऱ्या मिळाल्या. रात्री दोनपर्यंत टक्क जागा! मातेत कॅफिन असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.