डिसेंबरातले जैसलमेर, मे महिन्यातले जैसलमेर

नाताळच्या सुटीत जैसलमेरच्या किल्ल्यावर उभे राहा, दहा मिनिटांत कानावर मराठी पडलेच म्हणून समजा. ‘अहो, इकडून घ्या फोटो, मागे जाळी येऊ द्या,’ ‘काय कोरलंय हो, लाकूड वाटावं!’ अंगात स्वेटर, पिशवीत पुण्याची बाकरवडी, आणि संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर उंटाची सफर ठरलेली. आपण सगळेच असे जातो, आणि त्यात वावगे काही नाही. फक्त एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. हे शहर ज्या ऋतूसाठी बांधले गेले, तो ऋतू टाळून आपण ते पाहतो. पावसाळ्याखेरीज कोकण पाहावे आणि तिथल्या घरांची छपरे इतकी उतरती का, याचे नवल करत परत यावे, तसा हा प्रकार आहे.

जैसलमेरची नक्षी ही नुसती नक्षी नाही. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेले हे नगर वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा जागी उभे आहे. (पुण्यात सातशेच्या आसपास पडतो, आणि तरी आपण टँकर मागवतो.) उन्हाळ्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे सहज जातो. याच थरच्या वाळवंटातल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. भारतात नोंदले गेलेले ते सर्वांत जास्त तापमान. अशा ठिकाणी माणसाचा पहिला शत्रू वरून येणारे ऊन, दुसरा तापलेली भिंत. जुन्या जैसलमेरने दोघांचाही बंदोबस्त एकाच युक्तीने केला. घरे एकमेकांना चिकटवली, गल्ल्या अरुंद ठेवल्या. दोन-तीन मजली घरांमधली बोळाएवढी गल्ली माथ्यावर सूर्य असतानाच काय ती उन्हात येते. एरवी एक भिंत दुसरीला सावली देते. शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत असल्यामुळे घराच्या चारपैकी दोन बाजूंना, काही वेळा तीन बाजूंना, ऊन लागतच नाही. समोरच्या बाजूला लागते, तर तिथे सज्जे, झरोके आणि खोल कोरीवकाम. उठावाच्या प्रत्येक फुलाची त्याच्या खालच्या दगडावर सावली पडते. म्हणजे ज्या कोरीवकामाचे आपण फोटो काढतो, ते भिंतीला घातलेले बारीक छत्र्यांचे चिलखत आहे.

आत मधला चौक, जाड दगडी भिंती, आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले छप्पर. दुपारची उष्णता त्या जाडीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसे गच्चीवर पथारी टाकून झोपलेली असतात. वाळवंटातले आकाश निरभ्र, त्यामुळे तापलेला दगड रात्री आपली ऊब झपाट्याने वर सोडून देतो. दुपारी तळमजला, रात्री गच्ची, असे घरातल्या घरात रोजचे स्थलांतर. आपल्या मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या पांढऱ्या मातीच्या धाब्याखाली वैशाखातली दुपार कशी सुसह्य व्हायची, हे त्यांच्या अंगाला माहीत आहे.

आता गंमत पाहा. २००६ साली अबू धाबीच्या राज्यकर्त्यांनी मसदर नावाचे नवे शहर वसवण्याची घोषणा केली. हवेत कर्बवायू सोडणार नाही, कचरा उरू देणार नाही, अशी प्रतिज्ञा. आराखडा इंग्लंडच्या नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाचा. या जगप्रसिद्ध मंडळींनी काय केले? जुनी अरबी गावे अभ्यासली आणि गल्ल्या अरुंद केल्या, घरे जवळ आणली, सूर्य आणि वारा यांचा हिशेब करून रस्त्यांची दिशा तिरकी धरली, आणि इराणच्या याझ्द शहरातल्या ‘बादगीर’ म्हणजे वारा पकडणाऱ्या मनोऱ्याच्या धर्तीवर ४५ मीटर उंचीचा मनोरा उभारला. तिथल्या गल्ल्यांत फिरताना बाहेरच्या अबू धाबीपेक्षा पुष्कळ गार वाटते, हे खरे आहे.

आणि त्याच वर्षांत आमच्या वाळवंटी शहरांच्या वेशीबाहेर काय चालले होते? चौकोनी भूखंड, रुंद डांबरी रस्ता, आणि प्रत्येक घर शेजाऱ्यापासून सुटे. नियमच तसा. बांधकाम परवानगीचे कागद ज्याने एकदा तरी हाताळले आहेत, त्याला ‘सामासिक अंतर’ हा शब्द ठाऊक असतो. पुढे इतके, मागे इतके, बाजूला इतके मोकळे सोडा. दमट मुंबईत याला अर्थ आहे. किंबहुना या नियमाचे एक मूळ आपल्याच मुंबईत आहे. १८९६ साली प्लेग आला, कोंदट चाळींवर खापर फुटले, १८९८ मध्ये सुधारणा करणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि खोलीत उजेड-वारा यावा म्हणून इमारतीची उंची आणि समोरची मोकळी जागा यांचे नाते साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने बांधले गेले. रोगाच्या भीतीतून आलेला तो विचार त्या जागी शहाणपणाचा होता. पण उजेड आणि वारा जिथे हवाहवासा, तिथला नियम उजेड आणि वारा जिथे भाजून काढतो तिथे लावायचा, हे कसले नियोजन? चारी बाजूंनी उन्हात उभे केलेले घर, वर पातळ छप्पर, आणि पुष्कळदा दर्शनी भागाला पिवळ्या दगडाचा मुलामा; कशासाठी, तर गाव ‘जुन्यासारखे’ दिसावे म्हणून! सावली गेली, नक्षी तेवढी राहिली.

मला विचाराल तर वाळवंटी शहराच्या प्रश्नात घराइतकाच, किंबहुना अधिक, पाण्याचा प्रश्न आहे, आणि तिथे आपली चूक जास्त खोल आहे. या विषयावर वाचायचे तर अनुपम मिश्र यांना वाचावे. १९४८ साली आपल्या वर्ध्यात जन्मलेल्या या माणसाने राजस्थानचे पाणी जितके समजून घेतले तितके क्वचितच कोणी घेतले असेल. १९९५ साली आलेल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या त्यांच्या पुस्तकात वाळवंटी माणसाने पाण्याचे केलेले तीन प्रकार येतात. आकाशातून थेट मिळते ते पालर पाणी, विहिरीतून खोलवर लागते ते पाताळपाणी, आणि या दोहोंमधले, वाळूत मुरलेले पण खाली खडूसारख्या थराने अडवून धरलेले ते रेजाणी पाणी. हे तिसरे पाणी काढायला जी ‘कुंई’ खणतात तिचा घेर मुद्दाम लहान ठेवतात. थेंबथेंब पाझरणारे पाणी मोठ्या घेरात पसरले तर भांडे बुडण्याइतकी खोली येत नाही, आणि ऊन ते पिऊन टाकते. खडीन ही अशीच एक योजना. उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, ते जिरू द्यायचे, आणि मागे उरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल समाजाने जैसलमेरच्या परिसरात ही शेती शेकडो वर्षे केली.

शहराचे पाणी होते घडीसर तलावात. चौदाव्या शतकात रावळ घडसीने तो बांधवून घेतला. तलावाचा गाळ काढायला सगळे गाव जमायचे, त्याला ‘ल्हास खेळणे’ म्हणत, असे मिश्र लिहितात. काम करणे नव्हे, खेळणे! आज घडीसरवर पर्यटकांसाठी होड्या आहेत. शहराचे पाणी येते दूरवरून, पंजाबातल्या हरिकेपासून निघणाऱ्या आणि १९५८ साली काम सुरू झालेल्या कालव्याने. पाणी आले याचा आनंदच आहे. पण ते आले तसे जाणार कुठे, याचा विचार मागाहूनही झाला नाही. जैसलमेरचा किल्ला हा माणसे राहत असलेला किल्ला. त्याच्या पायाखालची टेकडी काही अभेद्य कातळाची नव्हे. घड्यांनी पाणी आणले जायचे, तेव्हा सांडपाणी ओंजळभर. घरोघर नळ आले, मग किल्ल्यातच हॉटेले आली, न्हाणीघरे आली, आणि गटारे मात्र जेमतेम. पाणी टेकडीत मुरत गेले. आठशे वर्षे कोरड्या हवेत उभ्या राहिलेल्या बुरुजांना ओल लागली. १९९६ पासून जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव येऊ लागले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पावसात तटाचा एक भाग ढासळला.

जोधपूरची कथा याहून विचित्र. कालव्याचे पाणी आल्यावर लोकांनी जुन्या बावड्यांचे आणि झालऱ्यांचे पाणी उपसणे सोडून दिले. काही बावड्यांत कचरा गेला. वापर थांबला, नव्या पाण्याची गळती भर घालत राहिली, आणि जमिनीखालची पातळी वर चढत चढत जुन्या शहरातल्या दुकानांच्या तळघरांत पाणी शिरले. वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या शहरात पंप लावून तळघरातले पाणी बाहेर काढण्याची पाळी आली!

इथे कोणी म्हणेल, मग काय, पुन्हा घागरी डोक्यावर घ्यायच्या? मुळीच नाही. जुन्याचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. घडीसरहून किल्ल्यावर पाणी चढायचे ते बायकांच्या डोक्यावरून. त्या दाट वस्तीतले मैलाही कुणीतरी हातांनी उचलत होते, आणि ते कुणी उचलायचे हे जातीने ठरले होते. पालीवालांनी एकोणिसाव्या शतकात आपली कुलधरासारखी गावे सोडली, त्यामागे दिवाण सालिम सिंहाचा जुलूम होता असे लोक सांगतात. त्याच सालिम सिंहाच्या हवेलीसमोर आपण फोटो काढतो. तेव्हा रामराज्य वगैरे काही नव्हते. नळ ही तिथल्या बाईची सुटकाच आहे. माझी तक्रार नळाविरुद्ध नाही, नळाबरोबर गटार न देणाऱ्यांविरुद्ध आहे. गल्लीविरुद्ध तर नाहीच, गल्ली बेकायदा ठरवणाऱ्यांविरुद्ध आहे.

आणि नुसत्या वास्तुयुक्त्यांनीही भागत नाही. इजिप्तचे थोर वास्तुविशारद हसन फतही यांनी १९४०च्या दशकात लक्सरजवळ गुर्ना या गावासाठी मातीच्या विटांचे, घुमटांचे, अतिशय देखणे आणि गार गाव बांधायला घेतले. गावकरी तिथे जायलाच तयार होईनात. त्यांची पोटे जुन्या गावाखालच्या थडग्यांवर चालत होती. मसदरचेही तेच म्हणता येईल. २०१६ पर्यंत पुरे व्हायचे, ४० ते ५० हजार माणसे राहायची, अशी मूळ योजना. मुदत पुढेपुढे गेली, जमिनीखालून आपोआप धावणाऱ्या छोट्या गाड्यांचे जाळे पहिल्या टप्प्यापुरतेच राहिले. सावली बांधता आली, शेजार बांधता आला नाही.

राहता राहिला वातानुकूलित यंत्राचा मार्ग. पैसा असला की प्रश्न संपला, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतल्या फीनिक्सकडे पाहावे. होहोकाम लोकांच्या प्राचीन कालव्यांच्या अवशेषांवर वसलेले, म्हणूनच राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव मिळालेले हे वाळवंटी शहर. मोटार, रुंद रस्ते, सुटी घरे आणि घरोघर यंत्राची थंडी. २०२३च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला, आणि त्या वर्षी त्या परगण्यात उष्णतेने दगावलेल्यांची संख्या ६४५ भरली. त्यांत निम्म्याच्या जवळपास माणसे बेघर होती. यंत्र खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती गल्लीत ढकलते. गल्लीत कोण असते? भाजीवाली, रिक्षावाला, पाथरवट, आणि ज्याच्या खोलीला खिडकी एकच आहे तो. आखाती देशांत भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. अबू धाबीत, दुबईत राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी ती टळटळीत रिकामी दुपार पाहिली असेल. आपल्याकडे अहमदाबादने २०१० सालच्या मे महिन्यात तेराशेहून अधिक जादा मृत्यू पाहिले, आणि २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. त्यामागून नागपूरही आले. ही चांगलीच गोष्ट. पण हे आराखडे ताकाच्या आणि पाण्याच्या पाणपोयांपाशी येऊन थांबतात. नियमावलीत सावलीचे कलम घालायला कोणी धजत नाही.

का धजू नये? वाळवंटी जिल्ह्यांपुरते सामासिक अंतर काढून टाका, भिंतीला भिंत लावायची सक्ती नको, निदान मुभा तरी द्या. निवासी रस्त्याची किमान रुंदी ठरवता तशी कमालही ठरवा. अग्निशमनाच्या बंबाला वाट हवी हे मान्य, पण प्रत्येक बोळात बंब कशाला जायला हवा? ठरावीक अंतरावर रुंद रस्ता आणि मध्ये सावलीच्या गल्ल्या, एवढे गणित नगररचनाकाराला जमू नये असे नाही. अडचण एवढीच की मोटार दाराशी उभी करता येत नाही, आणि मोटारवाल्याची तक्रार महापालिकेत ऐकू येते.

पुढच्या वेळी जैसलमेरला जायचे झाले, तर एकदा मे महिन्यात जाऊन पाहा. हॉटेलही स्वस्त मिळेल. दुपारी दोनच्या सुमारास आधी नव्या वसाहतीच्या रस्त्यावर शंभर पावले चाला, मग किल्ल्याच्या दारातून आत शिरून एखाद्या बोळात शंभर पावले. आणि तिथे एखादी म्हातारी ओट्यावर बसून धान्य निवडत असेल, तर तिला विचारा, तिच्या नातवाने बाहेर बांधलेल्या नव्या घरात ती दुपारची का राहत नाही.