तणावा कुठून फुटला ते पाहा

लावणी उरकली, बेणणी झाली, की कापणीपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. याच दिवसांत घरधनी कोयता घेऊन वईकडे वळतो. पेणच्या खारपट्ट्यालगतची वाडी असो की रोह्याकडची वरकस जमीन, पावसाने वई अशी माजते की करवंद कुठली आणि निर्गुडी कुठली ते कळत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर वेल चढलेले असतात. मग कोयता सपासप चालतो आणि हाताला येईल तो वेल खाली पडतो.

वाचकहो, यंदा कोयता चालवण्याआधी थोडे थांबा. त्या गुंत्यात बरेचसे वेल आपलेच आहेत. रानद्राक्ष आहे, आंबटवेल आहे, कंटोली आहे. त्यांच्यात एक परका वेलही आहे आणि पानावरून पाहिले तर तो आपल्यांतलाच वाटतो. त्याला कोणी वेलघाणी म्हणतात. कुंपणावर फुलणाऱ्या घाणेरीशी त्याचा काही संबंध नाही, घाणेरी हे झुडूप आहे. हा वेल कृष्णकमळाच्या कुळातला. त्याचे मूळ घर उष्ण कटिबंधातील अमेरिका. तिथून तो जगभर पसरला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आणि प्रशांत महासागरातील बेटांवरही त्याची गणना त्रासदायक तणांत होते. आपल्या कोकणात तर तो रस्त्याकडेला, पडीक जागी आणि कुंपणांवर सर्रास दिसतो.

त्याचे पान तीन कापांचे, द्राक्षाच्या पानासारखे. चढायला कुरळे तणावे. त्यामुळे नवखा माणूस त्याला रानद्राक्ष समजतो आणि घाईतला माणूस रानद्राक्षालाच तण समजून उपटतो. दोन्हींत नुकसान आपलेच.

तेव्हा पान सोडा आणि तणावा पाहा. वेल ज्या कुरळ्या दोऱ्याने आधार धरतो तो तणावा. तो खोडावर नेमका कुठून फुटला आहे एवढेच पाहायचे. जागा तीनच आहेत : समोर, कडेला आणि काखेत.

समोर : द्राक्षाच्या कुळात तणावा पानाच्या समोरच्या अंगाने फुटतो. पान खोडाच्या उजवीकडे असेल तर तणावा डावीकडे. दारची कांडवेल जवळ घेऊन पाहा, लगेच ध्यानात येईल. रानद्राक्ष, ज्याला गोलिंदा असेही म्हणतात, याच कुळातले. आंबटवेलही याच कुळातली.

कडेला : काकडी, दोडका, कारले यांच्या कुळात तणावा पानाच्या देठाच्या एका बाजूने निघतो. कंटोली आणि तोंडली याच घरच्या. परसातल्या मांडवावर हे रोज दिसते, आपण निरखून पाहत नाही इतकेच.

काखेत : पानाचा देठ आणि खोड यांच्यामध्ये जी काख असते, जिथून एरवी कळी किंवा फांदी फुटते, तिथूनच तणावा निघाला असेल तर तो वेल कृष्णकमळाच्या कुळातला समजावा. परका वेल हाच. शेजारी कोणाच्या दारावर कृष्णकमळ चढवलेले असेल तर मुलांना नेऊन दाखवा, एकदा पाहिलेले ती विसरणार नाहीत.

तणावाच नसेल तर प्रश्न मिटला. गुळवेल आणि करांदा यांना तणावे नसतात, ते स्वतःच आधाराभोवती पिळा घालून चढतात.

जागा पाहून झाली की बाकीच्या खुणांनी खात्री करून घ्यावी. परक्या वेलाचे पान आणि खोड केसाळ, हाताला थोडे चिकट. पान चुरगळले की उग्र वास येतो, नाव त्यावरूनच पडले. फूल पांढरे, मध्यभागी जांभळट, झालरीचे. ते सकाळी उमलते आणि दुपारी मिटते. सगळ्यात ठळक खूण फळाची. बोराएवढे फळ हिरव्या, बारीक जाळीदार पिशवीत बसलेले असते. या जाळीवर चिकट ठिपके असतात आणि त्यांत बारीक किडे अडकून मरतात. फळ पिकले की पिवळे किंवा नारिंगी होते. आत काळ्या बिया.

रानद्राक्षाचे पान चांगले मोठे, गोलसर, कडेला दाते असलेले. त्याला जमिनीत कंद असतो. उन्हाळ्यात वरचा वेल वाळून जातो आणि पावसाबरोबर कंदातून नवा फुटतो. फुले बारीक, तांबूस, घोसाने येतात आणि फळेही घोसानेच, पिकली की काळी. जाळीची पिशवी नाही, पानाला घाण वास नाही. आंबटवेलीचे पान तर कापांचे नसतेच, एका देठावर तीन वेगळी पाने असतात. मात्र रानातली द्राक्षे पाहून मुलांना भरपूर खाऊ देऊ नका, त्यांतल्या काहींनी घसा खवखवतो.

आता कोणी म्हणेल, वेल कुठलाही असो, एवढी चौकशी कशाला? कारण सांगतो.

परक्या वेलाचे पिकले फळ मुले खातात आणि ते खाता येते. धोका हिरव्या फळात आणि पानांत आहे. त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. कोवळी ज्वारी खाऊन घाटावर गुरे दगावतात, ती याच जातीच्या विषाने. रंग न आलेले फळ तोंडात घालायचे नाही, हे घरातल्या लहानग्यांना आजच सांगा. वासामुळे गुरे सहसा त्या पाल्याला तोंड लावत नाहीत. पण वई साफ करून पाल्याचा ढीग गोठ्यापुढे टाकला आणि शेळी भुकेली असली, तर भरवसा काय? काही खाऊन त्रास झाल्याचा संशय आला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. माणसाला दवाखान्यात, जनावराला गुरांच्या डॉक्टरकडे न्या आणि सोबत त्या वेलाची डहाळी न्या. डॉक्टरांचे अर्धे काम त्या डहाळीने होते.

दुसरे कारण वईच्या पलीकडचे. आपल्या तालुक्यांतल्या कातकरी आणि ठाकूर बाया पावसाळ्यात याच बांधांवरून, याच वईंवरून कंटोली आणि रानभाज्या गोळा करतात. पेणच्या बाजारात त्यांच्या पाट्यांवर आपली झुंबड उडते. पण अलीकडे कोयत्याचा कंटाळा करून वईवर तणनाशक मारण्याची सवय लागली आहे. ते औषध परका आणि आपला असा भेद करत नाही. कंटोलीचा वेल जातो, रानद्राक्ष जाते, आणि फवारलेल्या जागची भाजी कोणाच्या तरी ताटात जाते. वई आपली असेल, पण तिच्यावर पोट दुसऱ्याचेही आहे. म्हणून वईवर फवारणी नको, हातानेच काढणी करा.

ती करण्याची रीत सोपी आहे. जमीन ओली आहे तोवर वेल मुळासकट उपटा. वरून नुसता छाटला तर बुडखा पुन्हा फुटतो. काढायचा तो फळे पिकण्याआधी, कारण पिकली फळे पाखरे खातात आणि बी दूरवर टाकतात. फळे आलीच असतील तर ती वेगळी तोडून वाळवा आणि जाळा. शेणखताच्या खड्ड्यात टाकलीत तर पुढच्या वर्षी खताबरोबर बी तुम्हीच शेतभर पेराल. एका वर्षात वेल हटणार नाही. जमिनीत पडलेले बी रुजत राहते, म्हणून दोन-तीन पावसाळे त्याच जागी फेरी मारावी लागेल. शेजाऱ्यालाही सोबत घ्या. त्याच्या वईवर वेल राहिला तर तुमच्याकडे यायला त्याला कितीसा वेळ?

ओळखीबद्दल मन साशंक असेल तर वेल उपटू नका. पान, तणावा आणि जमल्यास फूल किंवा फळ असलेली हातभर डहाळी कागदात गुंडाळून रोह्याजवळ किल्ला येथील कृषि विज्ञान केंद्रात दाखवा. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाचे ते केंद्र आपल्यासाठीच आहे.

घरी ओळीने तीन डहाळ्या मांडा : एक कांडवेलीची, एक दोडक्याची, एक वईवरच्या परक्या वेलाची. आणि पोरांना विचारा, तणावा कुठून फुटला? समोर, कडेला की काखेत? ज्याला हे सांगता आले त्याच्या हाती कोयता द्यायला हरकत नाही.