चालीला नाव कुणाचं?

जॉर्जियातल्या बातुमी शहरात २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आईच्या गळ्यात पडून ती रडली. ते दृश्य तुम्हीही टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर पाहिलं असेल. समोर कोनेरू हंपी होती, म्हणजे अंतिम फेरीत दोघी आपल्याच. दोन डाव बरोबरीत सुटले, तिसऱ्या दिवशी जलद डावांत निकाल लागला आणि एकोणीस वर्षांची दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळवणारी ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी खेळाडू. त्या अठ्ठ्याऐंशींत बायका किती, माहीत आहे? चार. हंपी, हरिका, वैशाली आणि आता दिव्या.

त्या दिवसांत आमच्याकडेही मोबाईलवर समालोचन चालू असायचं. सासूबाईंना बुद्धिबळ येत नाही, पण कान शाबूत आहेत. दोन दिवस ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, हे सिसिलियन, कॅटलान, नायडॉर्फ काय असतं? हॉटेलातल्या पदार्थांची नावं वाटतात." मी हसत हसत समजावायला बसले. पाच मिनिटांनी त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "आणि यात बाईचं नाव कुठंय?"

मी गप्पच झाले.

डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींना ओपनिंग म्हणतात आणि त्यातल्या फाट्यांना व्हेरिएशन. नाव द्यायला कुठलं ऑफिस नाही, फॉर्म नाही. काही नावं गावांची. १८३४ मध्ये लंडन आणि पॅरिसच्या क्लबांत पत्रानं सामना झाला, तेव्हा पॅरिसकरांनी वापरलेला बचाव 'फ्रेंच' झाला. काही नावं माणसांची. रुय लोपेझ हा स्पेनचा धर्मगुरू, १५६१ मध्ये त्यानं बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं. इव्हान्स तर जहाजावरचा कप्तान! पण बहुतेक नावांमागे एकच रीत दिसते. कुणीतरी एक चाल बलवान खेळाडूंसमोर पुन्हा पुन्हा खेळतं, ते डाव मासिकांत छापून येतात, बाकीचे नक्कल करतात आणि त्या माणसाचं नाव चालीला चिकटतं. शोध त्यानंच लावलेला असायला हवा असंही नाही.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, मोठा पट्टीचा खेळाडू. त्याच्याशी महेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ खेळायचे. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं जात नसे, एकेक घर सरकायचं. त्या सवयीनं महेशचंद्र प्यादी हळूहळू पुढे घ्यायचे आणि उंट कोपऱ्यातून लांबवर रोखून ठेवायचे. आज जगभर 'इंडियन डिफेन्स' म्हणून जे बचाव खेळतात, त्यांचं मूळ या डावांत. यातला एक बचाव तर ते १८५५ मध्येच खेळले होते. १९२२ मध्ये तो व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डनं खेळला आणि आज त्याला ग्रुनफेल्डचंच नाव आहे. महेशचंद्रांच्या वाट्याला काय आलं? 'इंडियन'. इंग्रजांच्या लिखाणात कित्येकदा त्यांचा उल्लेख नुसता 'ब्राह्मण' असा व्हायचा. आपल्याकडे कसं, 'आत्याच्या चकल्या' पिढ्यान् पिढ्या चालतात, आत्याचं नाव मात्र कुणाला सांगता येत नाही. तसंच.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. बाई नव्हत्या का? होत्या की. व्हेरा मेंचिक १९०६ साली मॉस्कोत जन्मली. वडील चेक, आई इंग्लिश. १९२१ मध्ये ती इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. बुद्धिबळात बोलावं लागत नाही, म्हणून ती क्लबात जाऊ लागली. तिथे तिला शिकवलं गेझा मारोत्सी या हंगेरियन मास्टरनं. (या गुरुजींचं नाव आजही ओपनिंगच्या पुस्तकात आहे.) १९२७ मध्ये ती पहिली महिला जगज्जेती झाली आणि मरेपर्यंत तो मान कुणाला हिसकावता आला नाही.

१९२९ मध्ये कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत एकवीस पुरुषांत ही एकटी बाई. अल्बर्ट बेकर नावाच्या खेळाडूनं थट्टा केली, की जो हिच्याकडून हरेल त्याला 'मेंचिक क्लब'चा सभासद करू. पहिला सभासद कोण झाला असेल? स्वतः बेकर! खरं सांगायचं तर त्या स्पर्धेत ती शेवटची आली, एकवीस डावांत तीन गुण. पण पुढच्या वर्षांत क्लब वाढत गेला. पंजाबातून इंग्लंडला गेलेला सुलतान खान, ज्यानं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, तोही त्यात आला. हॉलंडचा माक्स योवे दोनदा हरला, आणि हा योवे १९३५ मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे बघा, मेंचिकचं नाव द्यायचं तर लोकांना सुचलं ते हरलेल्यांच्या यादीला.

१९३९ ची गोष्ट मला फार लागून राहिली आहे. ब्यूनोस आयर्सला ऑलिम्पियाड भरलं होतं. पोलंडच्या संघातून मिगेल नायडॉर्फ आला होता, महिला अजिंक्यपदासाठी मेंचिक आली होती. स्पर्धा चालू असतानाच महायुद्ध पेटलं. नायडॉर्फ अर्जेंटिनातच राहिला, म्हणून वाचला. मागे राहिलेलं त्याचं कुटुंब नाझींनी संपवलं. पुढे तो वर्षानुवर्षं खेळला आणि सिसिलियनमधली कडेचं प्यादं एक घर सरकवायची साधीशी चाल 'नायडॉर्फ' झाली. मेंचिकनं तिथे सातव्यांदा अजिंक्यपद जिंकलं आणि ती लंडनला परतली. जून १९४४ मध्ये जर्मन उडत्या बाँबनं तिचं घर उद्ध्वस्त केलं. ती, आई आणि बहीण, तिघी गेल्या. अडतीस वर्षांची होती.

सुलतान खानाच्या मालकाकडे नोकरी करणारी फातिमा म्हणून एक मुलगी होती. तिनं १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद पटकावलं. कागदोपत्री ती 'मिस फातिमा' एवढीच उरली.

प्रश्न अकलेचा नाही, पटाचा आहे असं मला वाटतं. बलवान खेळाडूंसमोर बसायलाच मिळालं नाही, तर डाव छापून येणार कुठून आणि नाव चिकटणार कशाला? आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनींचं उदाहरण घ्या. वासंतीनं १९७४ मध्ये देशातली पहिली महिला अजिंक्यस्पर्धा जिंकली, मग जयश्री, मग रोहिणी. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला, की बाई आहे म्हणून स्पर्धेतून अडवता येणार नाही. ते अध्यक्ष कोण? मेंचिककडून दोनदा हरलेले माक्स योवे. त्यांना बाईच्या चालीची ताकद वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

दार उघडलं, हे खरं. पण महिला ग्रँडमास्टरसाठी २३०० रेटिंग लागतं आणि ग्रँडमास्टरसाठी २५००. या वेगळ्या किताबानं मुलींना उभारी मिळते असं काही म्हणतात, त्यांच्यापुढची फळी खाली बांधली जाते असं काही म्हणतात. मला दोन्हींत तथ्य दिसतं, पण दुसऱ्यात जरा जास्त. गावोगावच्या स्पर्धांत आपणही मुलीचं नाव मुलींच्या गटात घालतो, कारण तिथे कप नक्की असतो. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधली स्पर्धा संपल्यावर दिव्यानंच लिहिलं होतं, की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब बघतात. अठरा वर्षांच्या मुलीला हे लिहावं लागलं.

आणखी एक गंमत, म्हटलं तर. पुरुषाचं नाव जन्मभर एकच. आपल्याकडे जुने डाव शोधायचे तर भाग्यश्री साठे आणि भाग्यश्री ठिपसे एकच, अनुपमा अभ्यंकर आणि अनुपमा गोखले एकच, हे आधी ठाऊक हवं. उखाण्यात नाव घ्यायचं ते नवऱ्याचं, आणि स्वतःचं असं दोन याद्यांत विभागलेलं.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग त्या व्हेराच्या नावाचं काहीच नाही का?"

आहे. महिला ऑलिम्पियाडच्या फिरत्या चषकाला तिचं नाव आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या मुलींनी तो पहिल्यांदा जिंकला. तिसऱ्या पटावर दिव्या खेळत होती.