सनमायकावरचा ओरखडा आणि घरातील वृद्ध



अक्कलकुवा परिसरातील घरांना सातपुड्याच्या सागवानाची जुनी ओळख आहे. सागाच्या पाटाला चरा पडला, तर त्यावर पॉलिश पेपर फिरवावा, तेलाचा हात द्यावा आणि पाट पुन्हा वापरात घ्यावा, ही रीत आपल्या पिढीने लहानपणापासून पाहिली आहे. ती योग्यच होती, कारण सागाचा वरचा थर खरवडला तरी खाली सागच असतो. आता मात्र घरात येणारा पलंग, औषधांचे कपाट किंवा टीपॉय बहुधा प्लायवूडचा अथवा पार्टिकल बोर्डाचा असतो आणि त्यावर सनमायका असतो. जुनी रीत या नव्या वस्तूला लावली, की लहानसा ओरखडा कायमचा डाग होऊन बसतो.

सनमायका हे लाकूड नव्हे. तो कागद आहे. जाड तपकिरी कागदाचे अनेक थर राळेत भिजवून, त्यांवर लाकडाच्या रेषा छापलेला एक पातळ कागद ठेवून, सारे उष्णता व दाब देऊन घट्ट केलेले असतात. ही युक्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे. अमेरिकेतील डॅनियल ओ’कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरता यावे म्हणून असे पदार्थ तयार केले आणि 1913 साली ‘फॉर्मायका’ कंपनी उभी केली. अभ्रकाच्या जागी, म्हणजे ‘फॉर मायका’, असे ते नाव. आपल्याकडे रूढ झालेला सनमायका साधारण 1 मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यातही दिसणारे चित्र अगदी वरच्या थरात असते. पॉलिश पेपरने तेच चित्र निघून जाते. तेल तर आत मुरतच नाही. ते वर चिकट राहते आणि धूळ धरते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी ओरखड्याची जात ओळखावी. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा, मऊ सुती फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि पृष्ठभाग पुसावा. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पुष्कळदा ओरखडा वाटतो तो काठीच्या रबराचा किंवा स्टीलच्या डब्याचा उमटलेला माग असतो. मुलांच्या दप्तरातील पांढऱ्या खोडरबराने तो हलक्या हाताने निघून जातो. रेघ राहिलीच, तर तिच्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही, तर ओरखडा वरवरचा आहे. नख अडकले, पण आतला भुसा दिसत नाही, तर तो खोल आहे. टवका उडून आतला बोर्ड दिसत असेल, तर मात्र काम थोडे निराळे आहे.

वरवरच्या रेघेसाठी त्याच रंगाचा मेणखडू पुरतो. रंग जुळवताना आरंभी किंचित फिकट छटा घ्यावी. फिकट रंग गडद करता येतो, गडद रंग फिकट करता येत नाही. आधी कपाटाच्या आतल्या बाजूस रंग पारखून पाहावा. मेण रेघेत भरावे, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने वरचे जादा मेण हळूच सपाट करावे आणि कोरड्या फडक्याने घासावे.

खोल चऱ्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात फर्निचरचे भरण्याचे मेण किंवा लॅमिनेटसाठीचे भरण (फिलर) मिळते का, ते विचारावे. रंग जुळावा म्हणून शक्य असल्यास लहान खण सोबत न्यावा. हे भरण एकदम न भरता दोन पातळ थरांत भरावे आणि वेष्टनावर दिलेल्या वेळेइतके वाळू द्यावे. मात्र जेथे गरम पातेले ठेवले जाते तेथे मेण टिकणार नाही आणि जेथे अन्न थेट ठेवले जाते तेथे असे भरण वापरू नये.

टवका उडाला असेल, तर घाई करू नये. पार्टिकल बोर्ड म्हणजे राळेने चिकटवलेल्या लाकडाच्या बारीक कपच्या. त्यांत पाणी शिरले की बोर्ड फुगतो आणि वाळल्यावरही मूळ रूपात येत नाही. सातपुड्याच्या पावसाळ्यात हवाच ओलसर असते. त्यामुळे ती जागा आधी एक दिवस पंख्याखाली कोरडी होऊ द्यावी आणि मगच भरावी. नाहीतर ओल आत कोंडली जाते व बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाच्या उशाशी असे कपाट असणे हिताचे नाही. सनमायकाची सुटलेली कड लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून, कागदी चिकटपट्टीने रात्रभर दाबून ठेवावी. कडेची पट्टी प्लास्टिकची असेल, तर पांढरा गोंद तिला धरत नाही. उग्र वासाचे रबरी चिकटद्रव्य लागते आणि ते ज्वालाग्राही असते. हे काम सुताराकडून, दारे-खिडक्या उघडून, देवघरातील दिवा व उदबत्ती विझवून करून घ्यावे. नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य किंवा थिनर सफाईसाठी वापरू नये.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. वय झालेली व्यक्ती घरात चालताना पलंगाची कड, टेबलाचा कोपरा, कपाटाचे दार यांचा आधार घेत चालते. तरुण हाताला जी ढलपी जाणवतही नाही, ती सत्तरीतील पातळ त्वचा सहज फाडते. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावली असेल, तर नडगीला झालेली जखम दिवसभर कळतही नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम शोभेवरून ठरवू नये. दिवाणखान्यातील ठळक रेघ थांबू शकते. पलंगाजवळची सुटलेली कड थांबू शकत नाही. ती आज दुरुस्त होणार नसेल, तर निदान तिच्यावर जाड कापडी पट्टी चिकटवून ठेवावी. तिचा रंग फर्निचरहून वेगळा असला, तर मंद नजरेला कडही स्पष्ट दिसेल.

तरीही त्वचा फाटलीच, तर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, सुटलेली त्वचा ओढून न काढता हलकेच जागेवर बसवावी, न चिकटणारी पट्टी ठेवून सैल बांधावे. चिकटपट्टी थेट नाजूक त्वचेवर लावू नये. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, जखम मोठी असेल किंवा रुग्णास मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

काळजीवाहकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. हे काम घरातील आजी-आजोबांना वगळून करू नका. खुर्चीवर बसून, चांगल्या उजेडात, हाताच्या उंचीवरच्या फळीत मेण भरणे त्यांना सहज जमते. नख फिरवून चऱ्याची खोली सांगणे, रंगाची छटा जुळवणे यांत त्यांचा अनुभव आपल्याहून अधिक असतो. खाली वाकून करायचे काम आणि उग्र वासाचे काम तेवढे आपण घ्यावे. बराच वेळ बसून उठताना त्यांनी क्षणभर थांबून, आधार धरून उठावे. स्मरण मंदावलेल्या व्यक्तीच्या हाती मेणखडू दिलाच, तर जवळ बसावे आणि काम संपताच सामान उचलून ठेवावे.

नवे ओरखडे टाळणेही अवघड नाही. काठी व वॉकरची झिजलेली रबरी टोपणे बदलावीत, औषधांचा डबा कापडाच्या तुकड्यावर ठेवावा, ओला पेला नुसत्या टीपॉयवर ठेवू नये. महिन्यातून एकदा घरातील सर्व कडांवरून तळहाताची मागची बाजू हलकेच फिरवावी, कारण तेथील त्वचा अधिक पातळ असते. जेथे तिला बोचेल, तेथे दुरुस्ती त्याच दिवशी करावी.